लष्करी अळीच्या आतड्यातला पडदा: मक्याचं प्रथिन आणि बीटीची जोडी

मक्याचा पोंगा उलगडला की लष्करी अळी ओळखायला वेळ लागत नाही. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय, शेपटीकडच्या आठव्या खंडावर चौकोनात बसलेले चार ठिपके, आणि भोवती लाकडाच्या ओल्या भुशासारखी विष्ठा. ही अळी भारतात पहिल्यांदा २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकात शिवमोग्याला सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पोचली. तेव्हापासून तिच्यावर काय फवारायचं याची चर्चा पुष्कळ झाली. फवारलेलं पोटात गेल्यावर पुढे काय होतं, यावर मात्र फार कमी बोललं जातं. बीटी (एका जिवाणूपासून मिळणारं कीडनाशक) असो की झाडाचं स्वतःचं प्रथिन, निकाल लागतो तो आतड्यातच.

अळ्यांविरुद्ध दोन प्रथिनं एकत्र वापरायची कल्पना जुनी आहे. एक जिवाणूचं, म्हणजे बीटीचं. दुसरं वनस्पतीनेच स्वतःच्या बचावासाठी बनवलेलं. पण एकाला दुसरं जोडलं की ताकद आपोआप वाढते, असं नाही. दोघांनी वेगवेगळ्या जागी घाव घातला आणि पहिल्याच्या घावाने दुसऱ्याची वाट मोकळी झाली, तरच जोडी जमते. दोघं एकाच जागी आडवी आली तर एकमेकांना अडवतातसुद्धा.

आधी बीटीची वाट पाहू. बॅसिलस थुरिन्जिएन्सिस, म्हणजेच बीटी, हा मातीत राहणारा जिवाणू. जपानमध्ये इशिवाता यांना तो १९०१ मध्ये आजारी रेशीमकिड्यांत सापडला, आणि १९११ मध्ये बर्लिनर यांनी जर्मनीतल्या थुरिंगियातल्या पिठाच्या पतंगावरून त्याचं वर्णन केलं. बीजाणू तयार करताना हा जिवाणू प्रथिनाचा स्फटिक बनवतो. स्फटिकातलं क्राय प्रथिन जसंच्या तसं विषारी नसतं. अळीच्या मधल्या आतड्यातला रस चांगला अल्कधर्मी असतो, कित्येक जातींत पीएच १० च्या आसपास. त्यात स्फटिक विरघळतो. क्राय१ गटातलं प्रथिन तेव्हा सुमारे १३० किलोडाल्टनचं (किलोडाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप) असतं. अळीचेच पाचक प्रोटिएज (प्रथिनं कापणारी विकरं) त्याची टोकं कापतात आणि सुमारे ६५ किलोडाल्टनचा गाभा उरतो. हा गाभा म्हणजे खरं विष. तो आतड्याच्या पेशींवरच्या ग्राहकांना, म्हणजे विष जिथे बसतं त्या प्रथिनांना, चिकटतो. कॅडहेरिन, अमिनोपेप्टिडेज, अल्कलाइन फॉस्फटेज आणि एबीसी वाहक गटातली प्रथिनं ही त्या ग्राहकांची नावं. मग पेशीच्या आवरणाला छिद्रं पडतात, पेशी फुगून फुटतात, अळी काही तासांतच खाणं सोडते आणि दोन ते पाच दिवसांत मरते.

या वर्णनात एक टप्पा नेहमी सुटतो. अळीने गिळलेलं अन्न आतड्याच्या पेशींना थेट कधी लागतच नाही. अन्नाच्या लगद्याभोवती कायटिन आणि प्रथिनांचा एक झिरझिरीत पडदा असतो, त्याला पेरिट्रॉफिक आवरण म्हणतात. आपल्या आतड्यातल्या श्लेष्म्याचं काम अळीत हा पडदा करतो. पानाच्या खरखरीत कणांपासून तो पेशी वाचवतो, जिवाणूंना रोखतो आणि काही विषांनाही पलीकडे जाऊ देत नाही. क्राय प्रथिनाला ग्राहकापर्यंत जायचं तर हा पडदा ओलांडावा लागतो. काही रेणू तिथेच अडकतात.

मिसिसिपीतला मका

अमेरिकेत मिसिसिपीतल्या संशोधकांनी पारंपरिक निवड पद्धतीने मक्याच्या काही अशा ओळी (वाणांच्या वंशशाखा) तयार केल्या ज्यांवर लष्करी अळी नीट वाढत नाही. त्यातली एमपी७०८ ही ओळ १९९० मध्ये नोंदवली गेली. तिच्यात बाहेरून घातलेलं जनुक नाही. प्रतिकारक एमपी७०४ आणि अळीला सहज बळी पडणारी टीएक्स६०१ यांच्या संकरातून ती आली.

या मक्याचा पोंगा अळीने कुरतडायला सुरुवात केली की सुमारे तासाभरात जखमेच्या जागी ३३ किलोडाल्टनचं एक प्रथिन साचू लागतं. त्याचं नाव एमआयआर१-सीपी. हे सिस्टीन प्रोटिएज आहे, म्हणजे पपईच्या चिकातल्या पपेनच्या घराण्यातलं. पोंग्यातल्या पिवळसर हिरव्या भागात ते सर्वांत जास्त साचतं, आणि अळीला नेमका तोच कोवळा भाग आवडतो. २००० मध्ये या प्रथिनाचा शोध प्रसिद्ध झाला. त्याचं जनुक घातलेल्या मक्याच्या ऊतींवर वाढवलेल्या अळ्यांची वाढ ६० ते ८० टक्क्यांनी खुंटली होती. २००२ मध्ये कारण कळलं: एमआयआर१-सीपी अळीच्या आतड्यातला पडदाच कुरतडतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पडद्याला पडलेल्या चिरा आणि भोकं दिसतात.

दरवाजाच गेला तर मागून येणाऱ्या विषाला किती सोपं होईल, हा पुढचा प्रश्न साहजिकच होता. २००८ मध्ये शुद्ध केलेलं एमआयआर१-सीपी चार जातींच्या अळ्यांना आहारातून दिलं गेलं. निम्म्या अळ्या मारायला लागलेलं प्रमाण असं होतं: लष्करी अळीला ०.६ पीपीएम (दहा लाखात ०.६ भाग), मक्याच्या कणसातल्या अळीला १.८, तंबाखूवरच्या बोंड अळीला ३.६ आणि नैर्ऋत्य अमेरिकेतल्या खोडकिड्याला ८.० पीपीएम. म्हणजे हे प्रथिन एकट्यानेही क्राय२ए या बीटी विषाच्याच पंक्तीत बसतं. खरा निकाल मात्र पुढे आहे. फक्त ६० पीपीबी (अब्जात ६० भाग) एमआयआर१-सीपी घातलं तरी क्राय२एच्या अपुऱ्या मात्रेचा परिणाम चारही जातींत वाढला, आणि दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त वाढला.

६० पीपीबी किती कमी आहे ते बघा. लष्करी अळीसाठी ते निम्म्या मृत्यूच्या मात्रेचा दहावा भाग आहे, आणि खोडकिड्यासाठी तर सुमारे १३३ वा भाग. एवढ्या प्रमाणात ते मारत नाही, पडदा तेवढा सैल करतं.

अळीही गप्प बसत नाही. हा पडदा एकदा विणून संपत नाही, मधलं आतडं तो सतत नवा करत असतं. त्यामुळे एमआयआर१-सीपीचा मारा थांबला की पडदा पुन्हा तयार होतो. शिवाय पडदा फाटू लागल्यावर अळी त्याच्या दुरुस्तीची जनुकं जास्त चालवते, हेही दाखवलं गेलं आहे. म्हणून प्रथिन एकदाच मोठ्या मात्रेत देण्यापेक्षा थोडं थोडं पण सतत खाण्यात येणं महत्त्वाचं. झाडात बनणाऱ्या प्रथिनाचा फवाऱ्यापेक्षा मोठा फायदा इथेच आहे.

रोधक प्रथिनं: इथे जोडी दोन्हीकडे झुकते

वनस्पतींच्या बचावाचं दुसरं, जास्त ओळखीचं हत्यार म्हणजे प्रोटिएज रोधक. हे अळीचे पाचक प्रोटिएज बांधून ठेवतात. अन्न पोटात असतं पण अमिनो आम्लं सुटत नाहीत, आणि अळी भरल्या पोटी उपाशी राहते. १९७२ मध्ये ग्रीन आणि रायन यांनी दाखवलं की बटाट्याचं किंवा टोमॅटोचं एक पान किड्याने कुरतडलं की न कुरतडलेल्या पानांतही रोधक वाढतात. १९८७ मध्ये चवळीतल्या ट्रिप्सिन रोधकाचं जनुक तंबाखूत घालून बोंड अळीला आवर घालता आला.

या विषयात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतलं काम फार मोलाचं आहे, आणि ते मराठी वाचकांना माहीत असायला हवं. घाटे अळी हरभऱ्याचा सत्यानाश करते ती उगाच नाही. १९९८ मध्ये या गटाने दाखवलं की हरभऱ्याच्या स्वतःच्या रोधकांनाच घाटे अळीच्या आतड्यातले प्रोटिएज चक्क पचवून टाकतात. ज्या पिकावर अळी पिढ्यान् पिढ्या जगते त्याचे रोधक तिला सवयीचे झालेले असतात. १९९९ मध्ये त्यांनी अळीच्या जेवणात नसलेल्या वनस्पतींचे रोधक तपासले. चौधारी घेवडा, बटाटा आणि भुईमूग यांचे रोधक आलटूनपालटून दिले तर अळीची वाढ जास्त रोखली जाते असं दिसलं. नंतर ढोबळ्या मिरचीच्या वंशातल्या रोधकांवरही त्यांनी सविस्तर काम केलं.

आलटूनपालटून का? घाटे अळीकडे ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन गटातल्या प्रोटिएजची बरीच जनुकं आहेत. एक रोधक मिळाला की ती त्याला न जुमानणारे प्रोटिएज जास्त बनवू लागते. मात्रा अर्धवट असेल तर आणखी वाईट घडू शकतं: कमी पडलेलं पोषण भरून काढायला अळी जास्त पान खाते.

आता बीटीशी जोड. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत अगदी थोड्या प्रमाणातल्या सेरीन प्रोटिएज रोधकांनी बीटीची ताकद २ ते २० पट वाढवली. त्याची समजूत अशी: आतड्यातले प्रोटिएज विषाचा गाभा बाहेर काढतात, पण तिथेच न थांबता त्याचे पुढेही तुकडे करत राहतात. रोधक असेल तर गाभा जास्त वेळ टिकतो. पण याच रोधकाने पहिली काटछाट अडवली तर विष तयारच होणार नाही. सुक्या मेव्यात आणि धान्यात होणाऱ्या प्लोडिया पतंगात १९९७ मध्ये असं आढळलं की ट्रिप्सिनसारखं एक प्रोटिएज नसलेल्या अळ्या बीटीला दाद देत नाहीत. म्हणजे प्रोटिएज घटवणं हा अळीचा स्वतःचा बचावही ठरू शकतो, आणि आपण रोधक घालून नेमकं तेच तिच्यासाठी करून ठेवू शकतो.

यातून निघणारा नियम सोपा आहे. रोधक जोडायचा तर बीटीचं प्रथिन आधीच कापून तयार केलेलं असावं. एमओएन८१० या जनुकबदल केलेल्या मक्यात क्राय१एबी छोटं करून घातलेलं आहे, तसं. पूर्ण लांबीच्या प्रथिनाशी, म्हणजे बाजारातल्या स्फटिकयुक्त पावडरीशी रोधक जोडताना प्रत्येक अळीसाठी चाचणी करणं भाग आहे. चीनमध्ये क्राय१एसी आणि चवळीचा रोधक दोन्ही असलेला कापूस शेतकऱ्यांपर्यंत पोचला. त्यामुळे कल्पना वाईट म्हणता येत नाही. तरी माझं मत पडदा फोडणाऱ्या प्रथिनाच्या बाजूने आहे. ते बीटीच्या कापणीत लुडबूड करत नाही, त्याच्या आधीचा अडथळा हटवतं.

एक मर्यादा त्यालाही आहे. पोर्तो रिकोमध्ये २००६ च्या सुमारास लष्करी अळी क्राय१एफ असलेल्या मक्याला पुरून उरली. कारण निघालं एबीसीसी२ या ग्राहकात. ग्राहकच बिघडलेला असेल तर पडदा कितीही फाडा, विषाला चिकटायला जागा नाही. वाढीव पोच फक्त तिथेच कामी येते जिथे ग्राहक शाबूत आहे. आपल्याकडच्या गुलाबी बोंड अळीचा धडाही हाच. २००२ मध्ये क्राय१एसी कापूस आला, २००६ मध्ये त्याला क्राय२एबी जोडलं. गुलाबी बोंड अळीने क्राय१एसीला दाद न दिल्याचं २०१० मध्ये गुजरातेतून जाहीर झालं आणि दुसऱ्या विषावर एकट्याने सगळा भार आला. पुढे तेही हरलं, आणि २०१७ मध्ये विदर्भाने त्याची मोठी किंमत मोजली. जोडीतलं एक अंग आधीच निकामी असेल तर ती जोडी नावापुरती असते.

आहार-चाचणी कशी लावायची

कृषी आणि जैवतंत्रज्ञानाचे विद्यार्थी या विषयावर प्रकल्प घेतात. बहुतेक चुका मांडणीत होतात, म्हणून इथे थोडं सविस्तर.

हरभऱ्याच्या पिठावरचा नेहमीचा आहार असा असतो: पीठ १०५ ग्रॅम, यीस्ट १० ग्रॅम, अगर १२.७५ ग्रॅम, अॅस्कॉर्बिक आम्ल ३.२५ ग्रॅम, मिथाइल पॅराबेन २ ग्रॅम, सॉर्बिक आम्ल १ ग्रॅम, जीवनसत्त्वं, थोडं स्ट्रेप्टोमायसिन, १० टक्के फॉर्मल्डिहाइड २ मिली आणि पाणी ७८० मिली. अळ्या वाढवायला हा आहार उत्तम. प्रथिनं तपासायला तो जसाच्या तसा वापरू नका. फॉर्मल्डिहाइड प्रथिनांना एकमेकांशी जखडतं, ते पूर्ण वगळा. शुद्ध विष न वापरता बीजाणूंसह बाजारातली बीटी पावडर तपासत असाल तर स्ट्रेप्टोमायसिनही वगळा, नाहीतर बीजाणूंचा वाटा मारला जातो. आणि हरभऱ्याच्या कच्च्या पिठात स्वतःचे ट्रिप्सिन रोधक असतात. पीठ पाण्यात कालवून १२१ अंशांवर १५ ते २० मिनिटं ऑटोक्लेव्ह केलं नाही तर तुमच्या तुलनेच्या वाडग्यातही रोधक असतो, आणि मग रोधकाचा परिणाम दिसत नाही म्हणून डोकं खाजवत बसावं लागतं.

प्रथिन आहारात मिसळायचं तर आहार ४५ अंशांखाली येऊ द्या, पण गोठण्याआधी मिसळा. ही खिडकी काही मिनिटांचीच असते. २४ खणांच्या ताटलीत प्रत्येक खणात १ मिली आहार घाला. क्राय प्रथिन वरून पसरणं जास्त सोयीचं: प्रत्येक खणावर २०० मायक्रोलिटर द्रावण, ताटली हळू फिरवून सगळीकडे, मग लॅमिनार प्रवाहात पाणी दिसेनासं होईपर्यंत सुकवा. खणाचं क्षेत्रफळ सुमारे १.९ चौरस सेंटीमीटर, त्यावरून मात्रा नॅनोग्रॅम प्रति चौरस सेंटीमीटरमध्ये लिहा. ओलं राहिलं तर नवजात अळ्या बुडून मरतात, आणि तो मृत्यू बीटीच्या खात्यात जमा होतो.

एका खणात एकच अळी. लष्करी अळी आणि घाटे अळी दोघी एकमेकींना खातात.

एमआयआर१-सीपीसारखं सिस्टीन प्रोटिएज हाताळताना तीन गोष्टी सांभाळा. ते स्वतःलाच पचवतं, म्हणून छोट्या नळ्यांत वाटून उणे ८० अंशांवर ठेवा आणि एकदा वितळवलेली नळी पुन्हा गोठवू नका. त्याला क्षपणकारक वातावरण लागतं, म्हणून वापरण्याआधी थोडं डीटीटी (क्षपण करणारं रसायन) किंवा सिस्टीन घालून जागं करा आणि तेवढंच डीटीटी तुलनेच्या द्रावणातही घाला. तिसरं, नॅनोग्रॅमच्या पातळीवर प्रथिन प्लास्टिकच्या नळीला चिकटून गायब होतं. पातळ करण्याच्या बफरमध्ये बीएसए (गुरांच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) ठेवा.

त्याआधी एक छोटी तपासणी करा, ती सहसा कुणी करत नाही. दोन्ही प्रथिनं एका नळीत दोन तास ३० अंशांवर ठेवा आणि प्रथिनं आकाराप्रमाणे वेगळी करणाऱ्या जेलवर चालवा. क्रायची पट्टी फिकी झाली किंवा खाली तुकडे दिसले तर वनस्पतीचं प्रोटिएज तुमचं विषच खातंय. अशा वेळी एक आहारात आणि दुसरं वरून, असं वेगळं ठेवा.

मांडणी अशी धरा: एकट्या क्रायच्या पाच मात्रा, त्याच पाच मात्रा ६० पीपीबी वनस्पती प्रथिनासह, एकटं वनस्पती प्रथिन, फक्त बफर, तेवढंच बीएसए, आणि क्रायच्या मधल्या मात्रेसोबत ई-६४ ने (सिस्टीन प्रोटिएज बंद पाडणारं रसायन) बंद केलेलं वनस्पती प्रथिन. एकूण १४ उपचार. प्रत्येकी २४ अळ्या, तीन वेळा, म्हणजे ७२. सगळ्या मिळून १,००८ नवजात अळ्या लागतात, तेव्हा अनेक अंडीपुंज गोळा करून पिल्लं मिसळून घ्या. एकाच अंडीपुंजातली पिल्लं एका उपचाराला आणि दुसऱ्यातली दुसऱ्याला असं झालं तर फरक कुटुंबाचा की प्रथिनाचा ते कळणार नाही. वनस्पती प्रथिनाचे सात उपचार धरले तर सुमारे ५०० ग्रॅम आहार होतो. ६० पीपीबीसाठी त्याला फक्त ३० मायक्रोग्रॅम प्रथिन पुरतं.

ई-६४चा उपचार पैसे वाचवायला गाळू नका. प्रोटिएज बंद केल्यावर वाढीव परिणामही गेला, तरच तो पडदा फाडण्यामुळे होता असं म्हणता येतं.

२६ अंश, ६५ ते ७० टक्के आर्द्रता, १४ तास उजेड. सातव्या दिवशी मोजा. मऊ ब्रशने टोचून न हलणारी अळी मेलेली धरा, पण जिवंत असूनही पहिल्याच अवस्थेत अडकलेल्या अळ्या वेगळ्या नोंदवा, आणि उरलेल्यांचं वजन घ्या. बफरच्या अळ्यांत १० टक्क्यांहून जास्त मरतूक असेल तर संपूर्ण चाचणी रद्द करा. कमी असेल तर अॅबटची दुरुस्ती, म्हणजे बफरमधली मरतूक हिशेबातून वगळणं: ४४ टक्के मेल्या आणि बफरमध्ये ६ टक्के, तर (४४ − ६) भागिले ९४, म्हणजे सुमारे ४०.४ टक्के.

जोडी खरंच जमली का हे ठरवताना टक्के नुसते बेरीज करू नका. एकाने ३० टक्के आणि दुसऱ्याने २० टक्के मारल्या तर दोघांनी स्वतंत्रपणे मिळून अपेक्षित मृत्यू ५० नाही, ४४ टक्के येतो. दुसऱ्याच्या वाट्याच्या काही अळ्या पहिल्याने आधीच मारलेल्या असतात, तो ६ टक्क्यांचा भाग वजा होतो. ७२ अळ्यांत ४४ टक्के म्हणजे सुमारे ३१.७. प्रत्यक्ष ३६ मेल्या तर काय-वर्ग (अपेक्षित आणि प्रत्यक्ष आकड्यांतला फरक मोजणारी संख्याशास्त्रीय चाचणी) १ च्या आसपास येतो, ३.८४ या ५ टक्के पातळीच्या मर्यादेच्या खूप खाली. याला नुसती बेरीज म्हणायचं. ५० मेल्या तर तो जवळजवळ १९ येतो, तेव्हा जोडीने एकमेकांना बळ दिलं असं छातीठोकपणे लिहा.

रोधकांवर काम करणाऱ्यांसाठी एवढंच: आतड्याच्या अर्काची प्रोटिएज चाचणी पीएच १० च्या ग्लायसिन-सोडियम हायड्रॉक्साइड बफरमध्ये घ्या. बाजारातल्या गुरांच्या ट्रिप्सिनवर पीएच ७.८ ला उत्तम चालणारा रोधक अळीच्या ट्रिप्सिनवर फुसका निघू शकतो.

शेतात आज काय करता येतं

भारतात जनुकबदल केलेल्या मक्याला लागवडीची परवानगी नाही, त्यामुळे क्राय आणि एमआयआर१-सीपी एका झाडात घालण्याची चर्चा शेतापुरती बाजूला ठेवू. पण एमआयआर१-सीपी हे मक्याचंच आहे. ते संकरातून वाणात आणता येतं, आणि अशा वाणावर बीटी फवारणं म्हणजे हीच जोडी वेगळ्या रस्त्याने. मला या विषयातली सर्वांत आश्वासक वाट हीच वाटते.

तिचं महत्त्व लष्करी अळीत जास्त, त्याला कारण आहे. बाजारात मिळणारी बहुतेक बीटी कुर्स्टाकी प्रकारातली असते. तिच्यात मुख्यतः क्राय१ए गटातली विषं आणि क्राय२ए असतं. स्पोडोप्टेरा वंशातल्या अळ्यांवर क्राय१ए तोकडं पडतं. क्राय१सी असलेली आयझावाई प्रकारातली बीटी त्यांच्यावर जास्त चालते. म्हणून लेबल वाचताना फक्त बीटी शब्द न पाहता पुढचा प्रकारही पाहा, आणि मका व लष्करी अळीची शिफारस आहे का तेही.

कुर्स्टाकीची नेहमीची शिफारस २ ग्रॅम प्रति लिटर, एकरी २०० लिटर पाण्यात ४०० ग्रॅम. पहिल्या दोन अवस्थांच्या अळ्यांवरच. पानावर पांढुरके खिडकीसारखे चट्टे दिसतात तो काळ. अळी पोंग्यात खोल शिरून वर विष्ठेचं बूच बसलं की फवारा तिच्यापर्यंत जात नाही. नोझल थेट पोंग्यावर धरा. फवारणी संध्याकाळी, कारण ऊन बीटीला एक-दोन दिवसांतच निकामी करतं. पाण्याचा पीएच ८ च्या वर असेल तर आधी तो कमी करा. बोर्डो मिश्रण आणि स्ट्रेप्टोमायसिन त्याच टाकीत घालू नका. कालवलेलं द्रावण रात्रभर ठेवू नका.

आता घरगुती अर्क. मिरची-लसणाचा अर्क किंवा दशपर्णी बीटीत मिसळला की झाडाचं रक्षक प्रथिन आणि बीटी एकत्र येतं, अशी समजूत ऐकू येते. ती चुकीची आहे. उकळलेल्या अर्कात बहुतेक प्रथिनं शिजून निकामी होतात. कुजवलेल्या अर्कात जिवाणू ती खाऊन टाकतात. त्यात उरतात ते तिखट, कडू पदार्थ आणि टॅनिन. टॅनिन तर बीटीच्या प्रथिनालाच बांधून त्याचा जोर कमी करू शकतं. शिवाय बीटी पोटात गेली तरच काम करते, आणि अळीला खाण्यापासून परावृत्त करणारा अर्क तिला बीटीही कमी खाऊ घालतो. अर्क वापरायचाच असेल तर बीटीच्या आधी किंवा सोबत नको, बीटीनंतर तीन-चार दिवसांनी द्या. निंबोळी अर्कालाही हेच लागू.

फवारल्यावर दुसऱ्या दिवशी अळ्या जिवंत दिसतात म्हणून लगेच रासायनिक फवारणी करू नका. तिसऱ्या दिवशी सकाळी शेताच्या पाच ठिकाणी प्रत्येकी २० झाडांचे पोंगे उघडा. ताजी ओली विष्ठा आहे की सुकलेली, ते पाहा. विष्ठा कोरडी आणि अळी मऊ, काळपट पडलेली असेल तर औषध लागलं आहे. ताजी विष्ठा असलेली झाडं कोवळ्या पोंग्यात १० टक्क्यांपेक्षा जास्त निघाली, तरच पुढच्या फवारणीचा विचार करा. त्या अळ्या मोठ्या झालेल्या असतील तर बीटीची दुसरी फवारणी वाया जाईल.